जाळ्याची बाजू

बाबा,

तुमची होडी माझ्या हातून फुटली. आधी हे लिहून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला लाज जरा कमी वाटेल. दिवाळी जवळ आली होती, बोईसरच्या आमच्या भाड्याच्या खोलीला चुना लावायचा होता. बायको खालून "ती होडी आधी उतरवा" असं दोनदा म्हणाली, आणि मला तेच तेच सांगितलेलं आवडत नाही म्हणून मी ऐकू न आल्यासारखा स्टुलावर उभा राहिलो. वळताना भिंतीवरच्या फळीवर ठेवलेल्या होडीला कोपर लागलं. होडी फरशीवर नाकावर पडली, कणा मधोमध मोडला आणि एका अंगाच्या फळ्या फासळ्यांपासून सुटून खाटेखाली गेल्या. तुम्ही जाऊन बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत दातिवऱ्याचं घर गेलं, तुमची हत्यारं गेली, ती कुणाकुणाकडे गेली हेही मला धड सांगता येणार नाही. राहिली होती ती ही दीड हाताची होडी, तुम्ही केलेला शेवटचा नमुना, आणि तो मी चुना लावण्यापायी घालवला.

आई तेव्हा घरी नव्हती. दिवाळीनंतर मामाच्या मुलीचं लग्न होतं म्हणून ती आधीच केळव्याला गेली होती आणि वाडीतली सुपारी उतरेपर्यंत तिथेच राहणार होती. तुम्हाला माहीत नसेल, तिचे डोळे गेले. मोतीबिंदू होता, ऑपरेशन केलं, ते फसलं. आता उजेड कुठल्या बाजूला आहे एवढंच तिला कळतं. रोज आंघोळ झाली की ती भिंत धरत फळीपाशी जाते, होडी मांडीवर घेते आणि पुढच्या टोकापासून मागपर्यंत दोन्ही अंगांवरून हात फिरवते. मग होडी वर ठेवते आणि चहा मागते. म्हणजे माझ्यापुढचं काम सरळ होतं. ती परत यायच्या आत फळीवर होडी हवी होती, आणि ती तिच्या हातांना तुमचीच वाटायला हवी होती.

मी आता नकाशे काढतो. घिवलीच्या बाजूला विजेचं मोठं केंद्र उभं राहतंय, तिथल्या ऑफिसात ड्राफ्ट्समन आहे. साहेब लोकांना दाखवायला त्या इमारतीचा एक नमुना काचेच्या पेटीत ठेवलाय. त्याला हात लावायचा नाही, तशी पाटीच आहे. तो पाहिला की मला तुमचे नमुने आठवतात, कारण ते हात लावण्यासाठीच असत. कुठलीही होडी बांधायला घेण्याआधी तुम्ही तिचा नमुना करायचात, 'हाताला बोट' या मापाने. समुद्रावर जिथे एक हात, तिथे नमुन्यात एक बोट. छत्तीस हातांची होडी म्हणजे छत्तीस बोटं. मालक ओट्यावर बसून डोळे मिटून नमुना चाचपायचा, "हितं जरा पोट कमी कर" म्हणायचा, आणि तुम्ही तिथल्या तिथे रंधा मारायचात. नकाशा त्यातल्या एकालाही कळला नसता, आणि तुम्हालाही.

मी हे काम का सोडलं ते तुम्हाला कधी कळलं का, मला माहीत नाही. मला तर वार सोडून सगळं आठवतं. मी अकरा वर्षांचा आहे, माझी पहिली होडी पुरी झाली आहे, वीतभर. तळाच्या दोन फळ्यांमध्ये फट राहिली, ती मी मेण भरून बुजवली आहे आणि वरून तेल चोळलं आहे. तुम्ही ती हातात घेता, उलटी करून पाहत नाही, काही विचारत नाही, सरळ अंगणातल्या घंगाळात सोडता. आपण दोघं उकिडवे बसून पाहतो. मेण सुटतं. होडी हळूहळू बसत जाते आणि तळाला टेकते. "चूक जाली तर जाली," तुम्ही म्हणता. "झाकलीस कशाला? उघडी ठेवली आसतीस तर मी दाखवलं आसतं." एवढंच. मारलं नाहीत, ओरडला नाहीत. पण ओट्यावर दोन मालक बसले होते आणि ते हसले. त्यानंतर मी हत्याराला हात लावला नाही. पाच वर्षांनी तुम्ही तापाने गेलात, तेव्हा पोराला लाकडाची आवड नाही असंच समजून गेला असणार. आवड होती, बाबा. राग तिच्याहून मोठा होता.

तर सत्तावीस वर्षांनी मी पुन्हा पटाशी हातात धरली, तीही बाजारातून नवी आणलेली. रोज सकाळी कामावर जाण्याआधी तासभर आणि रविवारची दुपार. पहिल्या खेपेला मी माझ्याच बोटाने छत्तीस बोटं मोजली. होडी पुरी करून तुमच्या तुकड्यांशेजारी धरली तेव्हा ती चांगली चार बोटं आखूड निघाली. पेन्सिल धरणाऱ्याची बोटं ही, तुमची याहून कितीतरी जाड. 'हाताला बोट' म्हणजे कुणाचं बोट हे तुम्ही कधी सांगितलं नव्हतंत, कारण तुमच्या ओट्यावर दुसऱ्या कुणाचं बोट मापाला लागतच नव्हतं. दुसऱ्या खेपेला शहाणा झालो. ऑफिसात आम्ही नुकतेच इंच सोडून मिलिमीटरवर आलोय. ती पट्टी घरी आणली आणि तुमचा एकेक तुकडा मोजून कागदावर चढवला. माप बरोबर आलं, पण फळ्या वाकवताना कटाकट मोडायला लागल्या. साइटवर एक पंजाबी सुतार आहे, त्याच्याकडे साग मागायला तिसऱ्यांदा गेलो तेव्हा तो हसला. "बाबूजी, सूखी लकड़ी मोड़ोगे तो टूटेगी ही. पहले उसे पानी पिलाओ." तुम्ही फळ्या खाडीच्या चिखलात पुरून ठेवायचात. त्या चिखलात मी रोज खेळायचो, आणि हे मला परमुलखातल्या माणसाने सांगावं लागलं.

तिसरी होडी जमली. फक्त मापं घेताना एक गोष्ट खटकली होती. तुमच्या होडीचं उजवं अंग डाव्यापेक्षा चार मिलिमीटर जास्त फुगलेलं होतं. मी म्हटलं, एवढ्या वर्षांत लाकूड फिरलं असणार. दोन्ही मापांच्या मधलं माप काढलं आणि दोन्ही अंगं अगदी सारखी केली. खरं सांगतो, देखणी झाली. तुमच्यापेक्षा सफाईदार झाली असंही मला वाटलं, आणि तसं वाटल्याचा आनंद झाला.

शेवटी राहिलं राळेचं काम. राळ तेलात उकळून तळाला फासायची आणि नवेपणा जाईस्तोवर खोबरेल चोळायचं. आई दुसऱ्या दिवशी यायची होती. मागच्या दारी चूल पेटवली, पण लाकडं ओली, नुसता धूर. तुमच्या होडीचे तुकडे तिथेच पोत्यात होते. आई घरभर चाचपत हिंडते, ते पोतं कधीतरी तिच्या हाताला लागणारच होतं. बायको म्हणाली, "माळ्यावर टाकू. असू देत." मी तिच्यावर खेकसलो, "चोरी करायची आणि पुरावा ठेवायचा?" आणि एकेक तुकडा चुलीत घातला. जुना साग तो, त्यात बावीस वर्षं तेल प्यालेला. राळ लगेच उकळली.

आई गुरुवारी आली. शुक्रवारी सकाळी आंघोळ करून फळीपाशी गेली. मी उंबऱ्यात उभा होतो. तिने होडी मांडीवर घेतली, हात मागपर्यंत नेले, पुन्हा पुढे आणले, आणि उजव्या अंगावर थांबली.

"ही तुज्या बापाची नाय," ती म्हणाली. "जाल्याची बाजू कुठं हाय?"

मला काही कळलं नाही. तिनेच समजावलं, लहान मुलाला सांगावं तसं. "जालं एका अंगानं वर वडतात ना? सगली मानसं त्या अंगाला येतात. म्हनून तो तिकडं चिमूटभर पोट जास्त द्यायचा. मालकांना पन बोलायचा नाय. मला सांगितलेलं." मग माझ्या होडीवरून पुन्हा हात फिरवून म्हणाली, "हात बरा हाय तुजा. त्याची कुठं हाय?"

"फुटली," मी म्हणालो. इथवर खरं होतं. "दातिवऱ्याला नेऊन खाडीत सोडली." हे कसं तोंडातून गेलं मला सांगता येत नाही. मागच्या दारी चुलीतली राख अजून काढलेली नव्हती.

तिने होडी मांडीवरून खाली ठेवली. "भरतीला सोडलीस का सुकतीला?"

"सुकतीला, पाणी ओसरताना."

"बरं केलंस. मंजे भायेर गेली आसंल. गावंल तुज्या बापाला."

त्यानंतर मी चौथी होडी केली. उजव्या अंगाला चार मिलिमीटर जास्त देऊन, तुमच्यासारखी. आईने ती एकदा चाचपली, "आता बरोबर" म्हणाली आणि परत दिली. फळीपाशी ती आता जात नाही. आंघोळ झाली की उंबऱ्यात पश्चिमेला तोंड करून बसते आणि मला विचारते, "गावली आसंल ना रं त्याला?" मी हो म्हणतो. आज सकाळीही म्हणालो. बायको ऐकते आणि आत निघून जाते. तिने मला अजून एका शब्दाने टोकलेलं नाही, त्यापेक्षा टोकलेलं बरं.

आईला खरं सांगायला मी धजत नाही, म्हणून तुम्हाला लिहितोय. हा कागद मी उघडाच ठेवणार आहे; तिच्या हाताला लागला तरी तो तिला कोराच वाटेल. पण तुम्हाला एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. ती काहीही म्हणाली तरी वाट पाहू नका, बाबा. तुमच्याकडे काहीही निघालेलं नाही.