पुलापलीकडचे गव्हर्नर

१४ ऑक्टोबर १९५८

प्रिय वेन्डेल,

तुझं पत्र पोचलं, सफरचंदंही पोचली. लॉइसला माझी आठवण सांग. नदीपलीकडे, शेजारच्या राज्यात, माझ्या भावाच्या घरी आम्ही मजेत आहोत. एमेट सकाळी ओसरीवर बसतो, मक्याची कापणी बघतो आणि कॉफी गोड नाही म्हणून कुरकुरतो.

परत कधी येणार, असं विचारलंस. सांगते. आधी जरा जुनं आठवू दे.

गव्हर्नरने राज्याची हद्द ओलांडली की कारभार सिनेटच्या अध्यक्षाकडे, म्हणजे तुझ्याकडे. या नियमाने आपल्याला किती हसवलं! एमेट गव्हर्नर झाल्यावर एकदा बैल बघायला पूल ओलांडून इकडे आला, तर तेवढ्या वेळात तू त्याच्या शिकारी कुत्र्याला राज्याचा मानद कर्नल करून टाकलंस. तो तुझ्या दारात येऊन ओरडला, "अरे गाढवा, तुझ्याकडे पाठ फिरवायची सोय नाही!" तू म्हणालास, "हळू बोल, कर्नलसाहेब झोपलेत." तुम्ही विरुद्ध पक्षांचे. सभागृहात एकमेकांची सालटी काढायचात आणि रविवारी माझ्या टेबलावर उरलेल्या बटाट्यांवरून भांडायचात. फार चांगले दिवस होते रे ते.

आता आमच्या पक्षाचे लोक रोज फोन करतात. "कोरा, त्यांना फक्त पूल ओलांडून आणून बसवा. बाकीचं आम्ही बघू." तुझ्या हाती खुर्ची जाऊ नये, एवढंच त्यांना हवंय. सहीपुरता हात हलला की झालं, डोक्याची चौकशी कुणीच करत नाही.

गव्हर्नर असमर्थ आहेत, असं कोर्टाकडून ठरवून घेणं तुला सहज जमलं असतं. तू ते केलं नाहीस. "गव्हर्नर बाहेरगावी आहेत," एवढंच बातमीदारांना सांगत राहिलास, आणि आता ते तुलाच खोटारडा म्हणायला लागलेत.

वेन्डेल, मी त्याला हवापालटासाठी आणलं नव्हतं. मेंदूला बसलेल्या त्या झटक्यानंतर तो मला त्याच्या बहिणीच्या नावाने हाक मारतो. चारचौघांत कुणी त्याला असमर्थ म्हटलेलं मला ऐकवलं नसतं. बाहेरगावी असण्यात कमीपणा नसतो, म्हणून मी त्याला गाडीत घातलं आणि पूल ओलांडला.

काल त्याने नदीकडे बोट करून विचारलं, "तिकडचं सगळं कोण बघतंय?"

मी म्हटलं, "वेन्डेल."

मला वाटलं, आता चिडणार. पण तो हसला, अगदी पूर्वीसारखा.

"मग आपल्याला कसली घाई?" म्हणाला.

मी आत जाऊन पोटभर रडले. इतके दिवस तुला जे सांगायला मी घाबरत होते, ते त्यानेच सोपं करून टाकलं.

तेव्हा कोर्टात जा. साक्षीला मी स्वतः येईन. आणि हे प्रभारीपण पुरे, आता शपथ घे. एमेटचा तुझ्यावर भरवसा आहे. त्याला बाकीचं काही आठवत नाही, पण हे आठवतं.

माजी गव्हर्नरची बायको,
कोरा