फटफटीचा आवाज

सोलापूर, मंगळवार, १२ नोव्हेंबर १९७४

आज अखेर फटफटीला नवा सायलेन्सर बसवला. सात रस्ता चौकात हवालदारानं तिसऱ्यांदा अडवलं. "लई आवाज हाय." ट्रक बोंबलत जातात ते चालतं! गॅरेजवाला हळहळला, "गाडी मुकी केली की तुमी." मला काय हौस होती?

अण्णा वर्षभरात माझा, पोटच्या पोराचा, चेहरा विसरले. फटफटीचा आवाज मात्र नाही. कोपऱ्यावर फटफटी वाजली की काठी टेकत येऊन दार उघडायचे, "आला माझा बाळू."

आज दार मीच ढकललं. अण्णांनी खाटेवर सरकून जागा दिली.

"बसा की. आमचा बाळू येईलच आता. फटफटी वाजली की कळतंय."

बसलो. अण्णा रस्त्याकडे कान लावून होते. मीही.