डेप्युटीला देवी आल्या, त्याची हकिकत

सीताबर्डी, नागपूर
ता. २२ जानेवारी १९३९

ती. यमुताईस,

धाकट्या गोपिकेचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा या खेपेला जरा वरूनच केला, गोड मानून घे). तुझे गुडघे कसे आहेत? तेल चोळून घेतेस ना, की सुनेला दाखवण्यापुरती बाटली उशाशी ठेवतेस? इकडे मी बरी आहे, डेप्युटी बरा आहे आणि मदरही (मांजर, कॉन्व्हेंटातल्या नव्हेत) ठीक आहे.

तुझं पत्र मिळालं. बर्डीवर पिसाळलेला कुत्रा तिघांना चावला हे तुला अमरावतीस कसं कळलं कोण जाणे, पण कळलं ते खरं आहे. ‘तो कुत्रा घालवून दे, तो आहे तोवर मी तुझ्या उंबऱ्याशी येणार नाही,’ असं तू लिहिलंस. ताई, तीन वर्षं तू आली नाहीस. पण डेप्युटीला मी कुठं घालवू? हे तीस वर्षं सेक्रेटेरिएटात डेप्युटी व्हायची वाट पाहत होते. पेन्शन झाली त्या दिवशी हे पिल्लू कोटात घालून घेऊन आले आणि म्हणाले, ‘घरात एक तरी डेप्युटी असू दे.’ हे गेल्यापासून तो रोज संध्याकाळी पाचाला फाटकाशी जाऊन बसतो (ऑफिस सुटायची वेळ त्याच्या माझ्यापेक्षा चांगली लक्षात आहे). त्याला घालवलं तर पाचाला फाटकाकडे बघणारी मी एकटीच उरेन.

पण हुकूम निघाला होता. ज्या कुत्र्याला लस टोचलेली नाही आणि गळ्यात पितळी बिल्ला नाही, तो पकडून नेणार. नेल्यावर काय होतं ते मी लिहीत नाही. म्हणून मी रंभाबाईला बरोबर घेऊन टांग्यानं गुरांच्या दवाखान्यात गेले. रंभाबाई तुला ठाऊक नाही. ही उमरेडची, बापाचा माग होता. दोन वर्षांपासून माझ्या मागच्या खोलीत राहते आणि माझं घर चालवते (मलाही चालवते). तिथले डॉक्टर मार्तंडराव तरणे आहेत, मोठे मनमिळाऊ. बिचाऱ्यांनी महिनाभर घरोघर छापील कागद वाटले आणि चारच कुत्री आली होती, त्यांतली दोन साहेबांची. डेप्युटी मात्र टेबलावर असा उभा राहिला जणू गव्हर्नर त्याला पदक लावताहेत. सुई पाहून तुझ्यासारखा तांदळाच्या कणगीत शिरला नाही. मदरला टोचायला पुढं डॉक्टर स्वतः घरी आले. कॉन्व्हेंटात मदर सुपीरियर आमची नखं तपासत. या मदरनं आपली नखं डॉक्टरांना तपासू दिली, सात ठिकाणी. तरी माणूस ‘फार छान मांजर आहे’ म्हणत होता. मला तो तिथंच आवडला.

त्या दिवशी दवाखान्यातून निघताना डॉक्टर म्हणाले, दोन दिवस अंग कणकणेल, आंघोळ घालू नका, तिखट-तळकट देऊ नका, कोणी त्रास देऊ नका, बिल्ला आठवड्यानं येईल. मी मान डोलावली. रंभाबाईनं मात्र हात जोडले. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहते तो दाराला कडुनिंब. स्वयंपाकघरात राईची बरणी फडक्यात बांधून वर ठेवलेली. मी विचारलं तर म्हणते, ‘बाई, सात रोज फोडणी बंद. मायले वास सहन नाही होत.’ कोणती माय? तर तिनं डेप्युटीकडे बोट केलं. तो ह्यांच्या आरामखुर्चीखाली, धुतलेल्या लुगड्याच्या घडीवर बसून दहीभात खात होता. टोचल्यावर ताप, आंघोळ नाही, तिखट नाही, म्हणजे देवी नाही तर काय? तिच्या घरी पाच पोरांचं तिनं असंच केलं होतं आणि पाचही जगली. मी तिला लस समजावून सांगितली, जंतू समजावले, एक आकृतीसुद्धा काढली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘हाव बाई, तुमचं बी बरोबर आहे. पण हळू बोला, माय झोपून राहिली.’

तिसऱ्या दिवशी कुत्री पकडणारे आले. दोन माणसं, हातात फास, आणि त्यांचा मुकादम रामाजी, खाकी कोटातला. मी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन पुढं झाले आणि आपल्या उत्तम इंग्रजीत पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवली. रामाजीनं अदबीनं ऐकलं आणि म्हणाला, ‘बाईसाहेब, कागद नाही, बिल्ला पाहिजे.’ ताई, मी खरंच डेप्युटीला शेवटचं पाहून घ्यायला वळले.

तेवढ्यात रंभाबाई निंबाचा डहाळा घेऊन दारात आली.

‘काहून गा, चपला घालून काहून आला? माय आहे घरात.’

‘कुत्र्याले देवी निघते काय वं?’

‘तुह्या पोरीले निघाली होती, तवा म्या विचारलं होतं काय तुले? निंब कोनी आणून देला होता?’

आत डेप्युटी, जो एरवी खाकी कापड पाहून फाटक डोक्यावर घेतो, अंगात कणकण असल्यामुळे नुसता मान वर करून बघत होता. खरंच फार दयाळू दिसत होता. रामाजीनं चपला काढल्या, फास मागं लपवला, हात जोडले. मग हळूच म्हणाला, ‘दोन पानं दे वं. घरी लहान आहे.’ (मी काहीच बोलले नाही. सिस्टरांनी खोटं बोलू नये असं शिकवलं होतं. गप्प राहण्याबद्दल काही सांगितल्याचं आठवत नाही.)

टोचून आणलं की माय घरी येते आणि फास दारातूनच परततो, ही बातमी रातोरात आळीभर झाली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यासमोर बर्डीतल्या बायका रांगेत उभ्या, प्रत्येकीजवळ एक कुत्रं नाही तर मांजर, नारळ आणि निंब. सत्तावीस जनावरं! मार्तंडराव धावत आमच्याकडे आले आणि हे कोणी केलं विचारू लागले. मी रंभाबाईकडे पाहिलं. डॉक्टर तिला वाकून नमस्कार करायला गेले, तर ही म्हणते, ‘ते राहू द्या. घरी फोडणी बंद ठेवली ना तुम्ही? एवढ्या घरी माय आणून राहिले!’ मी चाळीस वर्षं पुस्तकं वाचली, पण असं काम माझ्या हातून झालं नसतं.

काल सातवा दिवस. बिल्ला आला, हळद-कुंकू लावून रंभाबाईनं तो गळ्यात बांधला आणि राईची बरणी खाली काढली. पहिल्या फोडणीला सगळी आळी शिंकली. पाचाला डेप्युटी फाटकाशी गेला. मीही गेले.

सर्वांना यथायोग्य.

तुझी,
गोपिका

ता. क. तर आता डेप्युटीची भीती उरली नाही. तुझ्या न येण्याचं दुसरं कारण असेल तर तसं कळव.

ता. क. दुसरा. तुमच्या आळीत दोन घरी देवी निघाल्याचं तुझ्या सुनेनं मला लिहिलं. तू लिहिलं नाहीस. ही माणसांची देवी, ताई. हे सगळं पत्र मी त्यासाठी लिहिलं.

ता. क. तिसरा. या घरात कुत्रा टोचलेला, मांजर टोचलेलं, मी तर दोनदा टोचलेली. आपल्यात न टोचलेली तू एकटीच. तू कणगीत होतीस तेव्हा तुझा परकर नेसून, तुझं नाव सांगून, दुसरा दंड पुढं केला तो मीच. बाबांना शेवटपर्यंत कळलं नाही. माणसांना देवी टोचणारा डॉक्टर पुढल्या मंगळवारी आमच्याकडे येणार आहे. यादीत तुझं नाव घातलं आहे. सोमवारच्या गाडीनं ये. या वेळी मला सोंग घेता येणार नाही. माझे दोन्ही दंड झाले, तिसरा मला नाही.