मडक्यावरचे डोळे

महाल, नागपूर
रविवार, ७ डिसेंबर २०२५, दुपारचे सव्वादोन

चि. जयवंता हीस आनंददादाचे आशीर्वाद. रुपरावांना नमस्कार.

इकडे आम्ही खुशाल आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. तुझी दामिनी जेवते, झोपते, कॉलेजला जाते. बारावीच्या सराव परीक्षेत फिजिक्सला सत्तरपैकी एकसष्ट मिळाले. थंडी पडली आहे. तू माझ्यासाठी पाठवलेली गोधडी तिनंच पळवली.

बुधवारी फोनवर तू विचारलंस, "दादा, आवाज काहून असा येऊन राहिला?" मी म्हटलं, सर्दी. सर्दी नव्हती. तुमच्याकडे फोन स्पीकरवर असतो, अख्खं घर ऐकतं, म्हणून हे पत्र. शेजारची वंदना संध्याकाळच्या बसने तुमच्या काटोलला जाते आहे, तिच्या हाती देतो. एकटी बसून वाच.

तुला माहीत आहे, मी कोणाचा चेला नाही. शिलाई मशीन उघडून उघडून दुरुस्ती शिकलो. लाठीही तशीच शिकलो, पाहून, चुकून, वहीत आकृत्या काढून. आज गांधीबागेतले शिंपी मशीन अडली की माझंच नाव घेतात, आणि गल्लीतली बावीस पोरं-पोरी सकाळी सहाला मैदानात माझ्यासमोर उभी राहतात. दोन वर्षांपूर्वी दामिनीला माझ्याकडे शिकायला ठेवलीस तेव्हा तू म्हणालीस, "दादा, पोरगी लय भित्री आहे. तिची भीती तेवढी काढ." मी काढली. कशी काढली, ते तुला कधी सांगितलं नाही.

नेम शिकवायला आम्ही खांबावर मडकं ठेवतो, पाच फूट चार इंच उंचीवर. नवी पोरं फटका मारताना डोळे मिटतात आणि नेम चुकतो. मी महिनाभर नोंदी ठेवल्या. वीस फटक्यांत सात, फार तर आठ लागायचे. मग मी मडक्यांवर चुन्यानं डोळे, नाक, तोंड काढलं. समोरून कोणी पाहत असलं की माणूस डोळे मिटत नाही. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, माझं मीच शोधलं.

पहिल्या दिवशी दामिनीनं लाठी खाली ठेवली. "मामा, हे पाहून राहिलं ना माझ्याकडे!" सगळी पोरं हसली. मीही हसलो. म्हटलं, "जो पाहते त्यालेच तं मारायचं असते, बेटा." बाराव्या दिवशी वीसपैकी वीस. ती तारीख मी वहीत लाल शाईनं लिहिली.

पुढे पोरं त्या चेहऱ्यांना नावं देऊ लागली. कोणत्या लोकांची नावं, ते तुला सांगायला नको. घरात, मोबाइलवर, चौकात जे ऐकलं तेच. मी ऐकलं आणि हजेरी घेत राहिलो.

१९ नोव्हेंबरला मोठ्या रस्त्यावर दगडफेक झाली. आपल्या गल्लीत काही झालं नाही, असं तुला सांगितलं होतं. ते खरं नाही.

चार वाजून दहा मिनिटं झाली होती. मी दुकानाचं शटर ओढत होतो. दामिनीला वर थांब म्हटलं होतं, पण ती लाठी घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभी होती. रस्त्यावरून एक पोरगा धावत आत शिरला. छातीशी कापडाचा गठ्ठा, दोन्ही हात त्यातच अडकलेले. हातात दगड नाही, काही नाही. तो जीव वाचवायला आला होता. तिला पाहून थांबला आणि त्यानं तिच्याकडे पाहिलं.

मी सात पावलांवर होतो. ओरडलो असतो तर ती थांबली असती, माझ्या एका शब्दावर ती थांबते. मी ओरडलो नाही. त्याच्या डोक्यावर फटका बसला तेव्हा माझ्या मनात पहिली गोष्ट काय आली, ते आजवर कोणाला सांगितलं नाही. मनात आलं, पाऊल बरोबर पडलं.

मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "मामा, तो पाहून राहिला होता."

पोराचं नाव साहिल. वय एकोणीस, गांधीबागेत कापडाच्या दुकानात गठ्ठे उचलतो. मीच त्याला स्कूटरवर मागे बांधून धंतोलीतल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांना सांगितलं, दगड लागला. पोलिसांच्या जबाबातही तेच लिहून दिलं आणि खाली सही केली. पोरगा जगला. उजवा हात हलत नाही, बोलणं नीट फुटत नाही. त्याची आई मला भाऊ म्हणते. परवा तिनं डब्यातली अर्धी भाकर माझ्या हातावर ठेवली. "तुम्ही नसते तं माझा पोरगा गेला असता," म्हणाली. मी ती भाकर खाल्ली.

गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. जितेंद्र पानवाला म्हणतो, "गुरुजी, चूप राहा गा. पोरगी आपली शान आहे." मीही चूपच राहिलो असतो.

पण आज सकाळी सरावाला नूपुर होती, नऊ वर्षांची. तिनं दामिनीला विचारलं, "दीदी, खऱ्या डोक्याचा आवाज कसा येते वं?" दामिनीनं वेणी बांधता बांधता सांगितलं, "मडक्यापेक्षा कमी." नूपुरनं मान हलवली आणि आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली.

जयवंता, मी सगळ्यांना घरी पाठवलं आणि मडकी फोडली. अकरा होती. आखाडा बंद.

मंगळवारी सकाळी अकराला मी दामिनीला घेऊन पोलीस ठाण्यात जातो आहे. पहिला जबाब खोटा होता हे सांगेन, आणि तिला कोणी काय शिकवलं तेही. वही सोबत नेतो. तिला सतरा वर्षं चार महिने झालेत, प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाईल. माझं काय व्हायचं ते होईल. तू मला जन्मभर शिव्या दे. पण रुपरावांना गाडी घेऊन तिला न्यायला पाठवू नको. तिकडे लपली तर ती अशीच राहील.

मघाशी ती दारात आली. "मामा, कोणाले लिहून राहिले?" म्हटलं, तुझ्या आईले. मंगळवारचंही सांगून टाकलं. वाटलं रडेल, भांडेल, निदान रागावेल. ती म्हणाली, "चाला ना. मले काय होते? सारी गल्ली माझ्या बाजूनं आहे. वापस आल्यावर हार घालतील, पाहा तुम्ही." आणि पुस्तक उघडून बसली.

ती खोटं बोलत नाही. घालतील हार. मला पोलिसांची भीती वाटते, पण त्या हाराची जास्त वाटते. साहिलच्या आईला ती अजून भेटलेली नाही. मी दोनदा चल म्हटलं, तर म्हणते, "काहून?" तू आई आहेस. तू तिला त्या बाईसमोर नेऊन बसव.

उत्तर लिहू नको. उद्या सकाळच्या पहिल्या गाडीनं ये.

तुझ्या पोरीचा मामा,
आनंदराव