पायपेटीमागचा बूट

रविवार, ४ ऑक्टोबर

प्रिय धाकल्या,

प्रभूमध्ये सलाम. मी बरी आहे. तूही बरा असशील, आणि नसलास तरी कळवणार नाहीस हे मला ठाऊक आहे. गुडघा कुरकुरतोय, पण शिवणकाम भरपूर आहे. शेजारच्या मास्तरीणबाईंनी सगळे झगे ढिले करायला आणून टाकलेत आणि वर म्हणतात, कापडच आटलं. कंबरेचं नाव काढायची सोय नाही!

तू लिहिलंस, मागची खोली मोकळी आहे, ये. येते. खरंच येते. महिनाअखेर सामान बांधते. फोन मात्र करू नकोस, आमची लाइन हल्ली फार खराब झालीय. पत्रच लिही.

चर्चची मंडळी सोडून ताई जगेल कशी, असं तुला वाटेल. अरे, मंडळी कसली, नुसती कटकट झालीय. पाळक हल्ली उपदेश करतात की तोंडातल्या तोंडात पुटपुटतात, देव जाणे. आणि तो नळवाला! बैलासारख्या मानेचा, आठवतो ना? मी उपासनेत पायपेटी वाजवायला बसले की हा माझ्या बाकामागे येऊन उभा राहतो आणि गीत सुरू झालं की बूट आपटतो. थप, थप, थप. पाठीच्या कण्यात धक्के बसतात. दोनदा झापलं. हसतो, आणि पुढच्या रविवारी पुन्हा हजर. पालथ्या घड्यावर पाणी.

तू मंडळी सोडलीस तेव्हा मी तुझ्याशी भांडले होते. तुझी बायको अंथरुणाला खिळलेली, आणि आमची पुढारी माणसं चर्चच्या भिंती पांढऱ्या रंगवायच्या की पिवळ्या यावर हमरीतुमरीवर आलेली. ती गेली तोवर तुझ्या दारात एकजणही फिरकला नाही. तू म्हणालास, देव घरीही भेटतो, मग ही गर्दी कशाला? मी म्हटलं, तोंड आवर. आता वाटतं, तुझंच खरं असेल. दोघं बहीणभाऊ घरात बसून प्रार्थना करू. कुणी बूट आपटणार नाही.

हो, भिंतीवरचं घड्याळ आणू का? वेळ बिनचूक दाखवतं, फक्त टिकटिक बंद पडलीय.

तुझी
ताई


रविवार, १८ ऑक्टोबर

प्रिय धाकल्या,

सलाम. तुझं पत्र मिळालं. माझ्यासाठी खोलीला रंग दिलास, खिडकीला पडदाही लावलास. आणि आता मी येत नाहीये. थांब, कागद चुरगळू नकोस. पुढचं वाच.

आज मी शेवटचं वाजवणार होते. पाळकांना तसं सांगूनही टाकलं होतं. गेले, तर नळवाला आलेलाच नाही. त्याची पाठ धरलीय, असं त्याच्या बायकोने मला हातवारे करून सांगितलं. मनात म्हटलं, चला, सुंठीवाचून खोकला गेला.

पहिलं गीत सुरू केलं आणि दुसऱ्या कडव्याला बोटं थबकली. माझ्या पाठीमागे लोक गातायत की थांबलेत, पुढे गेलेत की मागे राहिलेत, काही म्हणजे काही कळेना. तो बूट नव्हता रे. इतके महिने ज्या बुटाला शिव्या घातल्या, त्याच बुटावर मी वाजवत होते.

पेटीवरून हात उचलणार, तेवढ्यात बाक हलला. थप. मग पुन्हा. मग इतक्या जोरात की समोरचं गीतपुस्तक नाचायला लागलं. वळून पाहिलं तर अख्खी मंडळी पाय आपटत होती! मास्तरीणबाई, त्यांच्यामागे न्हावी, पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या आजी तर काठीच आपटत होत्या. पाळकसुद्धा, झग्याखालून. त्या जुन्या फळ्या कशा टिकल्या कोण जाणे. मी वाजवत होते आणि भोकाड पसरून रडत होते, दोन्ही एकदम.

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. मी आपली समजत होते, झाकली मूठ सव्वा लाखाची.

दुपारी नळवाल्याच्या घरी गेले. बिचारा पालथा पडलेला. म्हटलं, "मेल्या, मला सांगितलं का नाहीस?"

माझ्याकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा सुटा करत म्हणाला, "तुम्हाला कुणाला कळू द्यायचं नव्हतं ना?"

"अरे, पण पाळकांची सून वाजवते की. माझ्यापेक्षा बरी वाजवते. तिला बसवायचं होतं."

"नुसतं चांगलं गाणं ऐकायचं असतं, तर घरी रेडिओ आहे की, ताई."

मग उशी जवळ ओढत म्हणाला, "तुमच्या भावाच्या वेळी मात्र आम्ही रंगावरून भांडत बसलो. मी पिवळ्याच्या बाजूने होतो." एवढा दांडगा माणूस, उशीत तोंड लपवून रडला. त्याने सारवासारव केली नाही, मीही करत नाही. तुझ्या वेळी मंडळी चुकली. तुझा राग खरा आहे.

देव घरीही भेटतो, हेही खरं. मला तर शिवणयंत्रावर रोज भेटतो. पण घरी माझ्यासाठी पाय कोण आपटणार? आपण सगळे मिळून एकच शरीर आहोत, असं पाळक सांगायचे तेव्हा मी गुपचूप जांभई द्यायचे. आज माझे कान दुसऱ्यांच्या बुटांत होते, धाकल्या. आता जांभई देणार नाही.

तू गातोस का रे अजून? की तिच्याबरोबर तेही संपलं? खरं सांग. मला तुझी फार काळजी वाटते.

नळवाल्याला डॉक्टरांनी महिनाभर उभं राहू नको म्हटलंय. माझ्या बाकामागची जागा रिकामी आहे. तुझा पाय लहानपणापासून जड. आई म्हणायची, हा चालतो की जमीन ठोकतो? मंडळीवर विश्वास ठेव असं मी म्हणत नाही. त्यांच्याशी बोलूही नकोस हवं तर. एका रविवारी बहिणीसाठी ये.

आणि हो, घड्याळ बिघडलेलं नाही. मास्तरीणबाई म्हणतात, चांगलं टिकटिकतंय.

आलास की दारात ताटकळत राहू नकोस, कडी काढून ठेवीन. ठोठावलंस तरी मला ऐकू यायचं नाही.

वाट पाहणारी,
तुझी बहिरी ताई