नाचून झाडं कशी लागतात?

प्रिय ताई,

नमस्कार (उभ्यानेच, वाकलो तर सरळ करायला दोन माणसं लागतात, का ते पुढे येतंय). तुझा खोकला कसा आहे? भाऊजी औषध वेळेवर देतात, की पेपर वाचून झाल्यावर?

आता मुद्द्याचं. महिनाभर झाला, संध्याकाळ झाली की आमची ही कॅनव्हासचे बूट चढवून बाहेर पडते. कुठे म्हणून विचारलं तर म्हणते, "बागेत. झाडांसाठी नाचायला." तूच सांग, यावर कोण विश्वास ठेवील? झाडाला खड्डा लागतो, पाणी लागतं. नाच कुठून आला? माझी उभी हयात दुकानदारांचे वजनकाटे तपासण्यात गेली. पारड्याखाली चिकटवलेलं शिसं मला दारातूनच कळायचं. (माणूस निवृत्त होतो, नाक होत नाही.) त्यात ही भांडी घासताना गुणगुणायला लागली. लेक नोकरीला लांब गेल्यापासून आमच्या घरात घड्याळाखेरीज कोणी आवाज करत नव्हतं. मी सावध होणारच.

शेवटी परवा मागोमाग गेलो. बागेत अर्धी गल्ली पेटीच्या सुरांवर गोल धरून नाचत होती. औषधाच्या दुकानातल्या बाई, पोस्टमन, इस्त्रीवाला, सगळे. येणाऱ्याने फाटकाजवळच्या डब्यात वर्गणी टाकायची, त्यातून रोपं आणायची, असा एकूण बनाव. (डब्याला कुलूप होतं. किल्ली कोणाकडे, ते अजून कळलेलं नाही.) आणि हिचा हात कोणाच्या हातात? दातांच्या डॉक्टरच्या! माझी चांगली दाढ उपटणारा हाच तो. (किडकी होती म्हणतो. दाढ त्याच्याचकडे राहिली, पुरावा गेला.) नीट दिसावं म्हणून मी झुडपांआडून सरकत सरकत निघालो आणि थेट कमरेइतक्या खड्ड्यात गेलो. म्हणजे खड्डे तरी खरे होते.

पेटी थांबली, सगळे धावले. वर ओढलं ते डॉक्टरनेच. उपटायचा सराव आहे त्याला. ही म्हणाली, "अहो, तुम्ही इथे काय करताय?" मी म्हटलं, "खड्ड्याची खोली तपासतोय." कोणी हसलं नाही, ताई. सगळ्यांना ते खरंच वाटलं. डॉक्टर माझा सदरा झटकत म्हणाला, "वहिनी म्हणाल्या, तुम्हाला माणसांचं वावडं आहे. नाहीतर केव्हाच बोलावलं असतं."

हे मात्र खड्ड्यापेक्षा जास्त लागलं. बाकावर बसल्यावर मी हिला हळूच म्हटलं, मला का नाही विचारलंस? ही म्हणाली, "विचारलं असतं तर तुम्ही आधी गाणं तपासायला मागितलं असतं." खोटं काय होतं त्यात? तेवढ्यात पेटी पुन्हा सुरू झाली आणि हिने हात पुढे केला. नाचलो, ताई. इस्त्रीवाल्याच्या पायावर पाय दिला, सगळे डावीकडे वळले तेव्हा उजवीकडे वळलो, पण हात सोडला नाही. ही इतकी हसली की डोळे पुसावे लागले. (कंबर गेली ती नाचताना. लोकांना खड्डाच सांगितलाय.)

एवढं होऊनही माझा संशय कायम आहे, याची नोंद घे.

तुझा,
धाकटा

ता. क. : हे भाऊजींना वाचून दाखवू नकोस.

आणखी ता. क. : रविवारी रोपं लावणार आहेत, मग नाच. तू येच. गोलात प्रत्येकाला दोन्हीकडचे हात धरावे लागतात. हिचा एक हात मी मिळवलाय, दुसरा अजून डॉक्टरच्याच ताब्यात आहे. तू त्या दोघांच्या मध्ये शिरायचंस.