बोटीचं पुढे काय झालं

८ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आत्या, मला भोवळ यायचीच बाकी आहे! माझ्या वर्गाचं इंग्रजी वाचन म्हणजे शाळेची शान. मुलं बाकांच्या क्रमाने उठतात, बोटीच्या धड्यातलं एकेक वाक्य वाचतात, कुठे अडखळणं नाही. मी नुसती हवेत होते.

आज खिडकीजवळची मुलगी तापामुळे आली नाही. मागच्याने तिचं वाक्य वाचायला हवं होतं, तर त्याने आपलं नेहमीचंच म्हटलं. मधलं वाक्य गळाल्याचा कुणाला पत्ताच नाही! शेजारचं वाच म्हटलं तर म्हणतो, ते माझं नाही, बाई. जागा ठरलेल्या, वाक्यं ठरलेली. प्रत्येकाने आपापलं तेवढं पाठ केलंय.

शुक्रवारी मुख्याध्यापक तास बघणार. मला नोकरीत ठेवायचं की नाही, ते त्यावर ठरेल. काय करू?

तुझी घाबरलेली,
धांदरट

१० ऑगस्ट

चि. धांदरटीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचताना हातातला चहा सांडला. माझ्या शाळेची ही तऱ्हा? आमच्या वेळीही हाच धडा होता, आणि आम्ही कसा खडाखडा वाचायचो! नणंदांपुढे अजून त्याचाच तोरा मिरवते मी.

शुक्रवारी शहाणपणा नको. पुस्तकातले ते उपक्रम, चित्रावरून ओळखा, वाक्यांच्या कागदी पट्ट्या जुळवा, सगळं कपाटात ठेव. पोरांना जागेवर बसव आणि वाचू दे. तुझ्या आईचं औषधपाणी तुझ्याच पगारावर चालतं, विसरू नकोस.

जन्मात एकदा तरी माझं ऐक, एवढाच लोभ कर.

तुझी आत्या

१४ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

नाही ऐकलं. निमूट वाचून घेणार होते, पण पहिलं पोर उठलं आणि मला राहवेना. धड्याच्या पट्ट्या पिशवीत होत्याच. प्रत्येकाला दुसऱ्याचं वाक्य दिलं आणि क्रम लावायला सांगितला. पोरं पहिल्याच शब्दाला अडखळली. मुख्याध्यापकांची भुवई वर गेली ती खाली येईना.

शेवटी तापातून उठलेली ती मुलगी उभी राहिली. शब्दाशब्दावर बोट ठेवत तिने वाचलं, की वादळात बोट दिसेनाशी झाली. मग डोळे विस्फारून तिने विचारलं, बाई, ही गोष्ट आहे?

आत्या, त्यांना ठाऊकच नव्हतं गं! मी हादरले. सगळी पट्ट्या घेऊन जमिनीवर बसली, पण घंटा झाली आणि बोट वादळातच राहिली.

वर्गाचं वाचन बिघडलं आहे, असा शेरा मिळाला. महिनाअखेरीला मला निरोप. आईला अजून सांगितलेलं नाही. खूप रडले. मधल्या सुट्टीत मात्र पोरं डबे टाकून दाराशी उभी, पट्ट्या मागायला.

रागाव, पण लिहीत जा.

तुझी धांदरट

१७ ऑगस्ट

चि. धांदरटीस अनेक आशीर्वाद.

रागवायलाच बसले होते. आईला मी सांगते, दुसरी नोकरी लागेपर्यंत औषधांचंही मी बघते. तू जिवाला लावून घेऊ नकोस.

पण मला बसलेला धक्का वेगळाच आहे. मी दाराजवळच्या बाकावर बसायचे. माझं वाक्य अजून तोंडपाठ आहे: म्हाताऱ्याने पुन्हा कंदील लावला. कोण म्हातारा, कशाला कंदील, देव जाणे! इतकी वर्षं मी याला इंग्रजी येणं म्हणत होते.

महिना संपेपर्यंत पट्ट्या कपाटात ठेवू नकोस. आणि उलट टपाली मला कळव, ती बोट परत आली का?

तुझी आत्या